आमच्या घरी पितात

मुलगी पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी येते, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं असतं की त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नाही. मी मागच्या खोलीला रंग दिला होता, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या होत्या, डिंक आणि अळीव आणून डब्यांत भरून ठेवले होते. एका रविवारी माझ्या मुलीचा अकोल्याहून फोन आला. "आई, मी बाळंतपणाला तिकडे येणार नाही," ती म्हणाली. "इथं सासूबाई करतील सगळं." मी विचारलं, काहून? राग आला की माझ्या तोंडी शाळेतली मराठी राहत नाही. ती म्हणाली, "तुला माहीत आहे."

माहीत होतं. मी दारू पीत होते. नऊ-दहा वर्षं तरी झाली होती. शाळेत सातवी-आठवीला मराठी शिकवायचे, व्याकरणाची बाई म्हणून मुलं टरकून असायची, आणि टेबलावर ठेवलेल्या माझ्या स्टीलच्या बाटलीत पाण्यासोबत व्होडका असायची. घरचंच पाणी पितात म्हणून शिपाईसुद्धा माझं कौतुक करायचा. दुकानात जाताना मी स्कार्फ बांधायचे. नागपूरच्या उन्हात प्रत्येक बाई गाडीवर डोळे सोडून सगळं तोंड झाकून फिरते, त्यामुळे घरापासून लांबच्या एखाद्या दुकानासमोर गाडी लावली तरी मी कोण हे कळायची सोय नव्हती. नंदनवनात आमच्या गल्लीत कोणाचा नवरा किती पितो हे सगळ्यांना पाठ. पण मास्तरीणबाई पीत असतील हे कोणाच्या कल्पनेतच नव्हतं, म्हणून लपवायला मला फारसं डोकं लागलं नाही. घरी मात्र दोघांना ठाऊक होतं. नवऱ्याला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. तो काही बोलायचा नाही. मुलगी बोलायची, आणि लग्न झाल्यावर तीही बोलायची थांबली होती.

त्या फोननंतर मी घरभर फिरत राहिले. खुर्चीवर बसले की उठावंसं वाटायचं, उठले की कशाला उठले ते आठवायचं नाही. तीन दिवस असे काढले आणि चौथ्या दिवशी रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझे लिव्हरचे रिपोर्ट आधीच पाहिलेले होते. औषध देतो, पण नुसत्या औषधानं होणार नाही, दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जा, तिथं तुमच्यासारखीच माणसं असतात, असं ते म्हणाले. माझ्यासारखी म्हणजे कशी, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे वळवला आणि चिठ्ठीच्या मागे एक पत्ता लिहून दिला. सीताबर्डीतली एक गल्ली, दुसरा मजला, बुधवारी संध्याकाळी सहा.

सहा ते आठ ही माझी प्यायची वेळ. शाळेतलं ते नुसतं तगून राहण्यापुरतं असायचं, खरं ते संध्याकाळी. त्यामुळे त्या बुधवारी सीताबर्डीला मेट्रोतून उतरले तेव्हाच मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते. गल्ली सापडली, पण तिथं दुसरा मजला असलेल्या तीन इमारती होत्या. कोपऱ्यावर पानठेला होता. ठेलेवाल्याला विचारलं, इथं ती मीटिंग कुठे असते? त्यानं विचारलं, कोणती मीटिंग, ताई? आता काय सांगावं? मागे दोन मुली मोबाईलचं कव्हर बघत उभ्या होत्या, त्यातली एखादी माझी विद्यार्थिनी निघायची. मी म्हटलं, ती सुधारणेची. त्यानं चुन्याचं बोट वर केलं. "हां, ते वरती. लै लोक गेले आत्ताच."

वर खरोखरच पुष्कळ लोक होते. दारातल्या मुलानं हात जोडून नमस्कार केला आणि माझ्या साडीला बिल्ला लावला. टाय लावलेला एक माणूस माईकवर विचारत होता, आयुष्यात बदल हवाय का? सगळे म्हणाले, हवाय. आपल्या माणसांच्या नजरेत पुन्हा मान मिळवायचाय का? मिळवायचाय. माझे डोळे भरून आले. दारू हा शब्द न काढताही हे लोक किती नेमकं बोलतात, असं मला वाटलं. शेजारच्या बाईंना मी हळूच विचारलं, तुम्हाला किती दिवस झाले? चार महिने, आता खाली सहाजण जोडलेत, त्या म्हणाल्या. मला त्याचा अर्थ लागेना. इतक्यात टायवाल्यानं टेबलावर कोरफडीच्या रसाची बाटली ठेवली, आणि प्रत्येकानं रोज सकाळी एक झाकण घ्यावं आणि दहा ओळखीच्यांना घ्यायला लावावं, असं सांगायला सुरुवात केली. मी बिल्ला काढला आणि खाली आले. खरी मीटिंग त्याच इमारतीत मागच्या जिन्यानं होती, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मी सरळ दुकानात गेले. स्कार्फ बांधायलासुद्धा थांबले नाही.

घरी नवऱ्यानं विचारलं, सापडली का मीटिंग? त्याच्यावर ओरडायला मला एवढंच पुरलं. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. तो ऐकून घेऊन कूलरमध्ये पाणी भरायला गेला.

डॉक्टरांनी दुसरा पत्ता दिला. रामदासपेठेतच एका जुन्या बालवाडीच्या दोन खोल्या, शुक्रवारी सहा वाजता. या वेळी मी कोणालाही काही विचारायचं नाही असं ठरवून गेले, आणि विचारावं लागलंही नाही. फाटकाशी एक वयस्कर गृहस्थ पाण्याचा कॅन आत नेत होते. मला पाहून त्यांनी कॅन खाली ठेवला. "ताई, घरच्यांची मीटिंग इकडं," ते म्हणाले आणि डावीकडच्या खोलीकडे बोट केलं. "माणसांची तिकडं."

मला फक्त म्हणायचं होतं, मी तिकडचीच. दोनच शब्द. पण आपल्याकडे माणूस म्हणजे पुरुष, आणि उजवीकडच्या दारातून सगळे पुरुषच आत जात होते. हे गृहस्थ माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होते, बिचारी कोणाच्या तरी पायी इथवर आली अशा नजरेनं, की ती नजर सोडवेना. गेल्या कित्येक वर्षांत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. मी मान हलवली आणि डावीकडे गेले.

आत आठ-नऊ बायका लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसल्या होत्या. एकेक जण आपल्या घरचं सांगत होती. माझी पाळी आली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, पाय एकसारखे हलत होते, आणि तोंडातून वाक्य निघालं, "आमच्या घरी पितात."

आमच्या आई-मावश्या नवऱ्याचं नाव घेत नसत. आमच्या घरी वांगं चालत नाही, म्हणजे नवऱ्याला चालत नाही. आमच्या घरी रागावतात, म्हणजे नवरा रागावतो. समोरच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांना कळलं होतं. मी मात्र मनातल्या मनात वाक्याचं व्याकरण लावत होते. यात कर्ता अध्याहृत आहे. कर्ता दिसत नसला तरी क्रियापदावरून ओळखता येतो, असं मी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहून शिकवलं. पण 'पितात' हे आदरार्थी अनेकवचन, त्यात बाई की पुरुष हे कळत नाही. आमच्या घरी पितात हे शंभर टक्के खरं होतं. मी खोटं बोलले नव्हते. या कोटीवर मी घरी जाताना गाडीवर एकटीच हसले, आणि घरी जाऊन प्याले.

पुढचे चार शुक्रवारही मी डावीकडच्याच खोलीत बसले. पाय हलायचे, घड्याळ पुढे सरकायचं नाही, तरी जात राहिले. आमच्या घरी स्वयंपाकघरात तांदळाच्या कोठीत बाटली लपवतात, असं मी सांगितलं. आमच्या घरी सकाळी काही आठवत नाही, मग उलट दुसऱ्यावरच आवाज चढवतात. सगळं वर्तमानकाळात. भूतकाळात घसरलं की लिंग उघडं पडतं, म्हणून एकदाही 'प्याले' की 'प्याल्या' अशी वेळ मी येऊ दिली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात 'काळ ओळखा' चालू होतं.

तिथं एका दवाखान्यात आयाचं काम करणारी एक बाई यायची. साठीची, काटक. तिच्या नवऱ्यानं चार वर्षांपूर्वी सोडली होती, तो उजवीकडच्या खोलीत चहाचं बघायचा. तिनं मला विचारलं होतं, "बाई, तुमच्या घरचे मारतात काय?" मी नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग देवमाणूस हाये." ही बाई बोलायला लागली की मी पाय हलवायचं थांबवायचे. एकदा तिनं सांगितलं की ती स्वयंपाकघरात जायच्या आधी मुद्दाम भांडं वाजवायची. नवऱ्याला बाटली लपवायला वेळ मिळावा म्हणून. "पाहाचंच नव्हतं मले. पाहिलं की मंग काही तरी करा लागते न."

माझा नवरा घरी आला की दाराबाहेर खोकतो. चप्पल काढताना एकदा आणि कडी वाजवण्याआधी एकदा. त्याला घशाचा त्रास आहे असं मी कित्येक वर्षं समजत होते. वैतागून त्याला ज्येष्ठमधही आणून दिला होता. त्या बुटक्या खुर्चीवर मला एकाएकी त्या खोकल्याचा अर्थ लख्ख दिसला. दर शुक्रवारी त्या खोलीत बायका आपापलं दुःख सांगायच्या आणि मी एकटीच तिथं आरोपी म्हणून ऐकत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार काय असतो ते मला शिकवायला येत होतं, घरात ते माझ्यासमोरच बसून जेवत होतं. तरीही 'मी पिते' असं म्हणाले नाही. लाज वाटली म्हणून, आणि खरं सांगायचं तर तिथं मिळणारी दया मला हवीहवीशी झाली होती म्हणून.

तिकडे नवऱ्याला वाटत होतं की मी उजवीकडच्या खोलीत बसते. त्यानं मोठ्या आनंदानं मुलीला कळवलं होतं, आई पाच आठवडे मीटिंगला जाते आहे, एकही शुक्रवार चुकवलेला नाही. पाचव्या आठवड्यात, गुरुवारी, मुलीनं आपण होऊन फोन केला. मागच्या खोलीत दुपारी ऊन येतं का, विचारलं. कूलर नवा घेतला का, विचारलं. डॉक्टर प्रवास करू देतात का ते विचारते, म्हणाली. फोन ठेवल्यावर मी देवासमोर उभी राहिले आणि तिथून नीट स्वयंपाकघरात तांदळाच्या कोठीकडे गेले. इतकी खुशी मला नुसती सोसवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, माझी स्कूटी पंक्चर होती. रिक्षानं गेले, आणि नवरा म्हणाला, न्यायला मी येतो. नको म्हणायला कारण सुचलं नाही. घरच्यांची मीटिंग तासाभरात संपते, माणसांची आणखी अर्धा तास चालते. आम्ही बायका अंगणात चहा घेत उभ्या होतो तेव्हा तो फाटकातून आत आला. मला पाहून त्यानं हेल्मेट काढलं. आयाबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मी काही करायच्या आत ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"या भाऊ, आत माणसांत बसा," ती म्हणाली. "पाच हप्ते झाले, हे बाई तुमच्यापायी एकटी येऊन राहिली इथं. तुमाले काही वाटते का नाही?"

माझा नवरा झटपट माणूस नाही. बाजारात भेंडी घ्यावी की गवार, यालाही त्याला दहा मिनिटं लागतात. पण हे त्याला एका क्षणात कळलं. मी कुठे बसत होते, काय सांगत होते, सगळं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग तो आयाबाईला म्हणाला, "हो ताई, चुकलं माझं. पुढच्या शुक्रवारी येतो मी."

मला त्याचा भयंकर राग आला. आयुष्यात इतका कधी आला नव्हता. कोणी सांगितलं होतं याला माझं पाप आपल्या नावावर लिहून घ्यायला? आणि याच रागानं मला जे पाच आठवडे जमलं नव्हतं ते जमवून दिलं. मी म्हणाले, "हे नाही पीत. मी पिते."

चहाचे कप होते तिथं राहिले. एक बाई माझ्यापासून जराशी बाजूला सरकली, तेही मी पाहिलं. आयाबाईनं मला पहिल्यांदा अरेतुरे केलं.

"मंग पाच हप्ते तू कोनाचं सांगून राहिली होती वं?"

"माझंच," मी म्हणाले. "सगळं माझंच होतं."

ती चिडेल, फसवलं म्हणेल, असं मला वाटलं. तिनं कप फाटकाजवळच्या कठड्यावर ठेवला, माझं मनगट धरलं आणि मला ओढतच उजवीकडच्या खोलीच्या दारात नेलं. आत पंधरा-एक पुरुष होते. बोलणारा बोलता बोलता थांबला. "ही बाई तुमच्यातली हाये," ती आत बघून म्हणाली. "चुकून आमच्यात बसली होती." आणि मला तिथं सोडून निघून गेली.

एकानं खुर्ची दिली. दुसऱ्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं. फाटकापाशी भेटलेले ते वयस्कर गृहस्थ पुढच्या खुर्चीवर होते. त्यांनी उठून कॅनमधलं पाणी पेल्यात भरून माझ्यापुढे केलं. बोलायचं नसेल तर नुसतं बसा, असं कोणीतरी म्हणालं. मी उभ्यानंच बोलले. आज सकाळी दहा वाजता, शाळेत, आठवी ब च्या तासाआधी मी प्याले. वाक्य संपलं, भूतकाळ, कर्ता समोर, एकवचनी. पुढे काही सुचलं नाही म्हणून खाली बसले. पाय हलतच होते. त्या संध्याकाळी मी प्याले नाही. अंगाला घाम सुटत होता, उलट्या होत होत्या, आणि तो बादली धरून बसला होता.

रविवारी मुलीला फोन करायचं ठरवलं. नवरा म्हणाला, सांगितलंच पाहिजे का? आता तू खरंच जाशील, मग ते पाच आठवडे काढायचे कशाला? त्याचं म्हणणं मला पटावं असं फार वाटलं. डिंकाचे लाडू करून ठेवले होते. ती चार दिवसांत निघणार होती. मी फोन लावला आणि सगळं सांगितलं. मी त्या मीटिंगला गेलेच नव्हते, बाबांना माहीत नव्हतं, मी पीत होते, आज माझा दुसरा दिवस आहे. ती म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस." मग त्याच आवाजात, "मी इथंच थांबते, आई."

मी रागावले नाही. रागवायला जागाच नव्हती. मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि पुढच्या शुक्रवारी मीटिंगला गेले, बुधवारी सीताबर्डीला मागच्या जिन्यानंही गेले. पायाला भिंगरी होतीच, ती आता तिकडे नेऊ लागले.

बारशाला आम्ही अकोल्याला गेलो तेव्हा मला सत्तरच्या वर दिवस झाले होते. तिला मुलगी झाली होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, तिच्या सासूबाईंनी मला पाटावर बसवलं आणि तिला म्हणाल्या, दे आता आजीकडे. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी दोन्ही हातांनी धरलं. पण तिनं आपला तळवा बाळाच्या मानेखालून काढला नाही. तिथंच वाकून, माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सासूबाई हसून म्हणाल्या, अगं, हात काढ की आता, आजीला नीट घेऊ दे. मुलगी गोरीमोरी झाली. पाहुण्यांसमोर काय करावं ते तिला कळेना.

"राहू दे," मी म्हणाले. "मला लागतो तो."